तुम्ही विचारलेत म्हणून: देश ठाम होता, मग मी का वाकलो

ऑगस्ट 2025 पासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता तो कोणत्या शब्दांत येणार हेही मला आधी कळते. लग्नाच्या पंगतीत, बँकेत, अशोक चौकात उभ्याउभ्या, आणि एकदा तर एका नातलगाला पोहोचवून परत येताना वाटेत. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले, सरकार झुकले नाही, मग तुम्ही अमेरिकन खरेदीदाराला सोलापुरी टॉवेलांचा भाव का उतरवून दिलात? काहीजण त्याला जोडून दुसराही प्रश्न विचारतात: शुल्क तर तिकडचा आयातदार भरतो, मग तुमचे गेले काय? दोन्ही प्रश्नांना मी आजवर तोंडातल्या तोंडात काहीतरी उत्तर देऊन विषय बदलत आलो. एकदा सविस्तर लिहितो, म्हणजे ज्यांना खरोखर जाणून घ्यायचे आहे त्यांना तरी कळेल.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर हिशोबाचे आहे. शुल्क आयातदार भरतो हे कागदावर पूर्ण खरे आहे. टेरी टॉवेलवर अमेरिकेत पूर्वीपासून 9.1 टक्के शुल्क आहे. त्यावर 7 ऑगस्ट 2025 पासून 25 टक्के आले आणि भारत रशियाचे तेल घेतो म्हणून 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के. म्हणजे माझा शंभर डॉलरचा माल त्यांच्या बंदरातून बाहेर पडेपर्यंत 159 डॉलर 10 सेंटचा होऊ लागला. पाकिस्तानवर तेव्हा जादा शुल्क 19 टक्के होते, त्यामुळे कराचीचा तोच माल 128 डॉलर 10 सेंटला पडत होता. त्या किमतीला उतरायचे तर मला शंभराचा माल साडेऐंशीला द्यावा लागला असता. या धंद्यात चांगल्या वर्षी शेकडा पाच-सहा सुटले तर आम्ही समाधानी असतो. साडेएकोणीस टक्के कुठून आणायचे, हे विचारणाऱ्यांपैकी कुणी सांगितले तर मी ऐकायला तयार आहे.

आता पहिला प्रश्न. त्याचे उत्तर देण्याआधी एक कबुली द्यायला हवी, ती टाळली तर पुढचे सगळे खोटे वाटेल. एप्रिलमध्ये मी खूश होतो. 2 एप्रिलला वॉशिंग्टनमध्ये देशोदेशीच्या शुल्कांचा तक्ता जाहीर झाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो छापून ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. व्हिएतनाम 46, बांगलादेश 37, चीन 34, पाकिस्तान 29 आणि आपण 26. आठवडाभरात चीनचा आकडा 145 टक्क्यांवर गेला आणि चीनने उलट 125 टक्के लावले. दोन मोठे भांडत आहेत, मधल्यामध्ये आपल्या मागांना काम मिळेल, असे मी उघडपणे बोललो. त्याच भरात सहा नव्या रेपियर (धोट्याशिवाय चालणाऱ्या) मागांचा आगाऊ भरणा केला. त्या तक्त्यातल्या ढाक्याच्या आणि कराचीच्या विणकराचे काय होणार, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही, आणि माझे घराणे चार पिढ्या मागावर जगत आलेले आहे.

तेव्हाच्या मला आज समोर बसवले तर तो म्हणेल, आकडे तर माझ्याच बाजूचे होते. त्याला मी एवढेच विचारीन की तो तक्ता भाव म्हणून लावला होता की भाव करण्यासाठी लावला होता. 9 एप्रिलला 90 दिवसांची स्थगिती आली. मग 9 जुलैची मुदत, मग 1 ऑगस्टची, मग 7 ऑगस्टची. दर मुदतीआधी माझे खरेदीदार ऑर्डर रोखून धरत होते, कारण उद्या काय लागेल हे त्यांनाही माहीत नव्हते. शुल्क लागू होण्याच्या आधीच त्याची झळ आम्हाला लागत होती. जुलैअखेर नवा तक्ता आला तेव्हा पाकिस्तान 19 वर, बांगलादेश आणि व्हिएतनाम 20 वर उतरले होते आणि आपण 25 वर होतो. भिंतीवरचा कागद मी त्या दिवशी काढला.

आता ते तीन दिवस.

7 ऑगस्ट, गुरुवार. रशियाच्या तेलाबद्दलचा आदेश आदल्या दिवशी निघाला होता. रात्री नऊच्या सुमारास न्यू जर्सीच्या खरेदीदाराचा फोन आला. आठ वर्षांचा व्यवहार, मुलीच्या लग्नाला शुभेच्छा पाठवणारा माणूस. माझ्याकडे त्याचे दोन कंटेनर होते: एकाचे पॅकिंग झालेले, दुसऱ्याचा माल निम्मा मागावर आणि निम्मा शिलाईत. त्याने वीस टक्के सूट मागितली. आकडा ऐकताच मला कळले की वर मांडलेला हिशोब त्यानेही मांडला आहे. मी म्हणालो, एफओबी भावाने करार आहे, माल जहाजात चढला की पुढचे सगळे तुमचे. तो शांतपणे म्हणाला की करार त्याला मान्य आहे, पण पुढची ऑर्डर द्यावी असा कोणताही करार नाही, आणि कराचीहून त्याला भाव आला आहे.

27 ऑगस्टच्या आत जहाजावर चढलेल्या मालाला दुसऱ्या 25 टक्क्यांतून सवलत होती, तिचा उल्लेख अनेकजण करतात. पण तो माल 17 सप्टेंबरच्या आत तिकडे सुटायला हवा होता. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात होती आणि न्हावा शेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला महिन्याहून अधिक लागत होता. पहिला कंटेनर दुसऱ्याच दिवशी सोलापुरातून निघाला असता तरी भरवसा नव्हता.

त्या टॉवेलांच्या पट्टीत एका हॉटेलाचे नाव जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेले आहे. ते पुसता येत नाही, उसवता येत नाही. दुसऱ्या कुणाला विकायचे तर किलोच्या भावाने चिंधीसारखे विकावे लागतात. शिवाय जुलैत गेलेल्या मालाचे पैसे त्याच्याकडे होते, 90 दिवसांच्या उधारीवर. त्याने त्या पैशांचा उल्लेख एकदाही केला नाही. तशी गरजही नव्हती.

शुक्रवारी पुन्हा बोलणे झाले. मी सात म्हणालो, तो पंधरावर आला आणि सोमवारी सकाळपर्यंत, त्याच्याकडच्या सकाळपर्यंत, उत्तर द्या म्हणाला. 9 तारखेला नारळी पौर्णिमा. आम्हा पद्मशालींच्या मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव त्या दिवशी असतो, सोलापूरच्या पूर्व भागातले माग बंद असतात. सणासाठी उचल मागायला कामगार शुक्रवारी संध्याकाळीच येऊन गेले होते. शनिवारी रथ पाहून मी घरी न जाता कारखान्यात गेलो. एरवी शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावे लागते अशा त्या शेडमध्ये इतकी शांतता होती की वरच्या पत्र्यावरून चालणाऱ्या कबुतराचे पाऊल ऐकू येत होते. सणामुळे बंद असलेले माग आणि काम नाही म्हणून बंद पडलेले माग दिसायला सारखेच दिसतात. मी लक्ष्मी-विष्णू कापड गिरणी बंद पडल्यानंतरचे सोलापूर पाहिलेले आहे. रात्री घरी येऊन मी बारा टक्के सूट द्यायला होकार कळवला.

मुदत सोमवारची होती. मी शनिवारीच होकार दिला. तुमच्यापैकी कुणालाही हे ठाऊक नव्हते, माझ्या भावालाही नाही, आणि तुमच्या प्रश्नाने मला जे बोचते ते नेमके हेच आहे. आणखी जवळपास दोन दिवस थांबलो असतो तर दहावर भागले असते का? आठवर? कराचीचा भाव खरोखर त्याच्या हातात होता का? मला माहीत नाही. मी का थांबलो नाही याची कारणे मी वर दिली, पण ती रात्री पुन्हा वाचली तर अपुरी वाटतात आणि सकाळी पुन्हा पुरेशी वाटतात.

तुम्ही चीनचे उदाहरण देता. चीन झुकला नाही, खरे आहे. 145 टक्क्यांचे शुल्क मे महिन्यात जिनिव्हाच्या बैठकीनंतर 30 वर आले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा 100 टक्क्यांची धमकी आली, आणि 30 ऑक्टोबरला बुसानमध्ये दोन्ही अध्यक्ष भेटून वर्षभराचा तह करून उठले. पण चीनच्या हातात काय होते ते पाहा. मोटारींपासून क्षेपणास्त्रांपर्यंत लागणाऱ्या दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीची किल्ली त्याच्याकडे होती, आणि सोयाबीनची खरेदी थांबवून त्याने अमेरिकेच्या शेतकऱ्याला ऐन हंगामात अडचणीत आणले. टॉवेल आठवडाभर मिळाला नाही म्हणून कोणताही कारखाना बंद पडत नाही. ज्याला थांबता येते त्याच्याशी लोक थांबून बोलतात, आणि मला थांबता येत नव्हते हे न्यू जर्सीला माझ्याइतकेच ठाऊक होते.

मग आपल्या सरकारने उलट शुल्क लावायला हवे होते का? 2019 मध्ये अमेरिकेने आपली जीएसपी सवलत, म्हणजे काही मालावरची शुल्कमाफी, काढली, त्यानंतर आपण बदाम, अक्रोड, सफरचंद यांसह 28 वस्तूंवर जादा शुल्क लावले होते. बदाम, अक्रोड, सफरचंद यांच्यावरचे ते जादा शुल्क 2023 मध्ये मागे घेतले गेले. चार वर्षे. दोन सरकारांना चार वर्षे फार नसतात. माझ्या बँकेला चार महिने फार असतात.

शेती आणि दूध यांचा बाजार खुला करण्याची अमेरिकेची मागणी सरकारने मानावी, असे मी एकदाही म्हटलेले नाही, आणि हे मी मनापासून सांगतो. माझ्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या खात्यात, काम करणाऱ्या मुलाचा बाप बार्शीकडे सोयाबीन पेरतो. पंढरपूर-माळशिरसकडे दुधावर घरे चालतात. त्यांच्या अंगावर तिकडचा स्वस्त माल सोडून माझे शुल्क कमी करून घ्यावे, हे मला पटणार नाही. 7 ऑगस्टला, म्हणजे मला तो पहिला फोन आला त्याच दिवशी, शेतकऱ्यांच्या हितासाठी मोठी किंमत मोजायला तयार आहोत असे पंतप्रधान म्हणाले. ते भाषण मी ऐकले आणि मला ते योग्यच वाटले. किंमत मोजावी लागणारच होती. ती पूर्व भागाच्या शेडांमधून मोजली जात आहे, एवढे तरी ती मोजणाऱ्यांना विचारताना लक्षात असावे. आणि इथेही माझे हात स्वच्छ नाहीत. 19 ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे 11 टक्के शुल्क काढले गेले तेव्हा मी त्याचे स्वागत केले, कारण सूत स्वस्त होण्याची आशा होती. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्याने मला त्याबद्दल विचारले तर माझ्याजवळ सरळ उत्तर नाही.

दुसरी बाजारपेठ शोधा, असा सल्लाही मिळतो. ब्रिटनशी 24 जुलैला करार झाला, त्याचा आम्हाला उपयोग होईलच. पण नवा खरेदीदार नमुने मागतो, प्रयोगशाळेची प्रमाणपत्रे मागतो, मापे आणि वजने वेगळी मागतो, आणि पहिली मोठी ऑर्डर यायला वर्ष सहज जाते. ते काम मी सुरू केले आहे.

राहिली एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही. सोमवारी, 11 ऑगस्टला, मी रात्रपाळी बंद केली आणि शिलाईच्या बायकांचा दर डझनामागे दोन रुपयांनी कमी केला. त्यांच्यात एक जुनी बाई आहे, सकाळी विड्या वळून दुपारी आमच्याकडे येते. ती म्हणाली, "अण्णा, शिवण तर तीच आहे." मी तिला अमेरिकेचे सांगू लागलो. तिने ऐकून घेतले, मान हलवली आणि गठ्ठा उचलून मशीनवर गेली. न्यू जर्सीचा माणूस माझ्याशी जसा शांतपणे बोलला होता तसाच मी तिच्याशी बोलत होतो, हे मला त्याच क्षणी जाणवले, तरी दर मी परत वाढवला नाही. कारण मला ठाऊक होते की ती थांबू शकत नाही.

हे लिहितो आहे तेव्हा 2025 चा नोव्हेंबर सरत आला आहे. शुल्क अजून तेवढेच आहे, बोलणी चालू आहेत असे रोज छापून येते. राष्ट्राध्यक्षांना असे शुल्क लावण्याचा अधिकार होता की नाही, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 5 तारखेला सुनावणी झाली. निकाल विरोधात गेला आणि भरलेले शुल्क परत मिळाले, तर ते आयातदाराला मिळेल, कारण भरणा त्याच्या नावावर आहे. माझे बारा टक्के कुठेही शुल्क म्हणून लिहिलेले नाहीत. बिलावर तो फक्त कमी भाव आहे.

गेल्या आठवड्यात त्याची नव्या ऑर्डरची विचारणा आली. त्यात लिहिले आहे, भाव मागच्या वेळचाच धरावा. मी अजून उत्तर दिलेले नाही. या वेळी थांबून पाहतो आहे. शिलाईचा दर दिवाळीनंतर पूर्ववत करतो असे मी त्या बायकांना सांगितले होते. दिवाळी होऊन महिना झाला. परवा ती बाई पुन्हा दारात उभी राहिली होती. मी फोनवर होतो, ती थोडा वेळ थांबली आणि कामावर निघून गेली.