चालेल का?

काल रात्री पाने मांडताना वहिनींनी मला विचारले, "वन्सं, तुम्हाला साधं पाणी चालेल का, की बाटली आणायला सांगू?"

प्रश्न एवढाच होता. मी "चालेल की" म्हटले, तांब्यातले पाणी भांड्यात ओतून घेतले, जेवण उरकले आणि वर आले. पण मध्यरात्र उलटून गेली तरी डोळ्याला डोळा लागला नाही. ज्या वाड्याच्या चौकातल्या नळावर मी परकर-पोलक्यात कळशी घेऊन रांगेत उभी राहिले, त्याच वाड्यात मला नळाचे पाणी चालेल का, असे विचारले गेले. काल सकाळीच आमच्या बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजीवालीने मला लांबून ओळखून "बहु दिवसे देखायां, बेन!" म्हणत मूठभर कोथिंबीर वर टाकली होती. बाजाराला मी परकी वाटले नाही आणि घराला वाटले, हे मनातून जाईना.

खरे म्हणजे व्हिएन्नात असताना मी याच एका गोष्टीसाठी झुरत होते, की कोणीतरी आपल्याला काही विचारावे. लेक आणि जावई सकाळी साडेसातला घर सोडत, नातू शाळेत जाई, आणि मग संध्याकाळपर्यंत त्या उंच छताच्या घरात मी आणि खिडकीखालून जाणाऱ्या ट्रॅमचा आवाज. रविवारी तर दुकानेही बंद असतात. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी जिन्यात भेटल्या की "ग्र्यूस गॉट" म्हणत, मीही शिकून घेऊन तेच म्हणे, आणि नव्वद दिवसांत आमचे बोलणे त्यापुढे गेले नाही. जेवलात का, बरे वाटते का, आज काय केले, हे विचारणारे दिवसभर कोणी नसे. तिथल्या माणसांचा यात काही दोष नव्हता. दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावू नये, हीच त्यांची आदराची रीत आहे. मला ती कळत होती, पण सोसत नव्हती.

त्या जुन्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर, घरांच्या दारांबाहेर, भिंतीत बसवलेले एक लोखंडी कुंड आणि त्यावर नळ आहे. त्याला तिथे बासेना म्हणतात. पूर्वी घराघरांत नळ नव्हते, तेव्हा मजल्यावरची सगळी बिऱ्हाडे तिथूनच पाणी भरीत, आणि पाणी भरताना बायका ज्या उखाळ्यापाखाळ्या काढीत त्यांच्यासाठी या बासेनावरूनच पडलेला एक शब्द त्यांच्या बोलीत आहे, असे लेकीने सांगितले. कुंडाचा पांढरा मुलामा सगळीकडे शाबूत होता. फक्त पुढच्या काठावर, जिथे बादली टेकत असेल नेमक्या तिथे, टवके उडून काळे लोखंड उघडे पडले होते. मी रोज जाता-येता त्या काठावर हात ठेवून पुढे जाई. आमच्या चौकातल्या नळाखालचा दगडही असाच कळश्या टेकवून टेकवून खोलगट झाला आहे.

एकदा लेक मला एका जुन्या कॉफीगृहात घेऊन गेली. काळे जाकीट घातलेल्या वयस्कर वाढप्याने चकचकीत लंबगोल ताटलीतून कॉफी आणली, आणि कपाशेजारी न मागता पाण्याचा पेला, पेल्यावर चमचा पालथा घातलेला. एका कॉफीवर आम्ही दोन तास बसलो. उठा असे कोणी सुचवले नाही, उलट पेला रिकामा होताच दुसरा आला. आल्यागेल्याच्या हातात आधी पाणी द्यावे, हे मला फक्त आपल्याकडचे वाटत होते. त्या पेल्याने माझा गळा दाटून आला, आणि लेकीला काय झाले ते सांगता येईना.

मग दर रविवारच्या फोनवर मी पाण्याचेच सांगत सुटले. शहरातल्या विहिरी दूषित होऊन विषमज्वराने माणसे मरत होती, तेव्हा एडुआर्ड झ्यूस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी शहरात आणण्याचा आग्रह धरला; १८७३ साली ते आले, १९१० साली दुसरी वाहिनी आली, आणि आजही ते डोंगरातून उताराउताराने वाहत येते व लोक ते थेट नळाला पेला लावून पितात, हे सगळे मी वहिनींना सांगितले. दादाने मध्येच आजव्याची आठवण करून दिली, की आपल्या सयाजीराव महाराजांनीही एवढे सरोवर बांधून शहराला पाणी दिलेच की. त्यावर मी काय म्हणाले, ते रात्री अंधारात पडल्यापडल्या शब्दन् शब्द आठवले. "हो रे, पण आता पावसाळ्यात तुमच्याकडे गढूळच येत असेल."

तुमच्याकडे. आपल्याकडे नव्हे.

तो शब्द मी एकदाच म्हणाले असेन, असे स्वतःला बजावून पाहिले. पण आठवत गेले तसे "तुमच्याकडे ऊन फार आहे का", "तुमच्याकडे आंबे आले का", असे एकामागून एक निघू लागले. वहिनी प्रत्येक वेळी नीट उत्तर देत होत्या. त्यांनी एकदाही शब्द सुधारला नाही. माझ्या पोटाला बाधू नये म्हणून त्यांनी काल विचारले असेल, किंवा त्यांना तो शब्द लागला असेल. दोन्ही खरे असू शकेल. मी मात्र विचारल्याचे दुःख करीत बसले होते, आणि पाहुणी झाले ते माझ्याच तोंडून झाले होते. हे कळल्यावर रडू यायला हवे होते. त्याऐवजी जरा हलके वाटले, कारण निदान आपल्या हातचे काहीतरी सापडले.

सकाळी सहाला नळ आल्याचा आवाज ऐकला आणि पदर खोचून खाली उतरले. न्हाणीघराच्या कोनाड्यातली तांब्याची कळशी काढून नळाखाली धरली. पाणी खरेच थोडे गढूळ होते. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या,

"वन्सं, ती नको, तिचं बूड गळतंय. स्टीलची घ्या. आणि आधी पिंप भरा, नळ जाईल."

मी पिंप भरायला घेतले.