तुम्ही विचारलंत म्हणून: त्या डॉक्टरचं मला एवढं काय

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हिक्टोरियात, आमच्याकडे कुणीही पाहुणे आले की मी त्यांना विधानभवन दाखवते, बंदर दाखवते आणि मग म्युझियमच्या शेजारच्या डॉक्टर हेल्मकेनच्या बुटक्या लाकडी घरापाशी नेऊन पाऊण तास बोलत राहते. परतताना गाडीत प्रश्न येतोच. "ताई, त्या हेल्मकेन डॉक्टरचं तुम्हाला एवढं काय? इंग्रजच ना तो, कंपनीचाच माणूस ना?" कंपनी म्हणजे इथली फरचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी, आपली ईस्ट इंडिया नव्हे, पण विचारणाऱ्याचा रोख कळतो मला. भाचा तर तोंडावर म्हणाला, मावशी तू गोऱ्यांची वकिली का करतेस. इतकी वर्षं दरवेळी अर्धंमुर्धं उत्तर देऊन वेळ मारून नेली, आज एकदाचं पूर्ण सांगते.

मी नर्स. मिरजेत शिकले, तिथलं मिशनचं हॉस्पिटल उभं करणारे डॉक्टर वानलेस हे कॅनडाचेच, त्यामुळे परक्या मुलखात जाऊन दवाखाना थाटणारा डॉक्टर म्हटलं की माझा आधीपासूनच जीव गुंततो, हे कबूल. इथे आल्यावर बरीच वर्षं पब्लिक हेल्थमध्ये काढली, म्हणजे मुख्यतः लसी टोचल्या. या गावात हेल्मकेन हे नाव रस्त्यांच्या पाट्यांवर आहे, मोठं हॉस्पिटल हेल्मकेन रोडलाच लागून आहे, मी वर्षानुवर्षं तिथून वळत होते आणि एक दिवस वाटलं की बघू तरी कोण हा.

लंडनच्या व्हाइटचॅपलचा, १८२४ चा जन्म, जर्मन आईबापांचा मुलगा, १८५० मध्ये कंपनीचा डॉक्टर म्हणून जहाजाने इथे आला. आल्याआल्या त्याला या व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाला फोर्ट रुपर्टला पाठवलं, तिथे कोळशाची खाण काढायचं चाललं होतं. खाणकामगार काम टाकून बसलेले, आणि गव्हर्नर ब्लॅन्शर्डने या पंचविशीतल्या पोराला मॅजिस्ट्रेटही करून टाकलं! म्हणजे पगार कंपनीचा आणि न्याय कंपनीच्याच कामगारांचा. त्याला कळलं की हे एका माणसाने करणं बरोबर नाही, त्याने ते पद सोडलं. मला तो आवडला तो इथे. आजही या एका गोष्टीसाठी मी त्याच्या बाजूने भांडेन.

पण मग सहा वर्षांनी काय झालं बघा. १८५२ मध्ये त्याने सिसिलियाशी लग्न केलं, जेम्स डग्लसच्या मुलीशी, आणि डग्लस तेव्हा गव्हर्नर. १८५६ मध्ये व्हँकुव्हर आयलंड या ब्रिटिश वसाहतीची पहिली असेंब्ली, म्हणजे विधानसभा, भरली, सात सभासद, आणि स्पीकर कोण, तर हेल्मकेन. कंपनीचा डॉक्टर, गव्हर्नरचा जावई, सभेचा अध्यक्ष, तिन्ही एकच माणूस. भाच्याला मी सांगायचे की अरे गाव केवढं होतं, शिकलेली माणसं किती होती, कुणी ना कुणी बसणारच होतं त्या खुर्चीवर. हे खोटं नाहीये, पण हे म्हणताना माझा आवाज उगाच चढायचा हेही खरं.

आता १८६२. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून 'ब्रदर जोनाथन' नावाची बोट आली आणि तिच्यातून देवी आल्या. इथले मूळ रहिवासी सोंगीस, त्यांची वस्ती कंपनीच्या किल्ल्यासमोर बंदराच्या पलीकडच्या काठाला. त्याशिवाय उत्तरेकडून व्यापाराला आणि कामाला आलेले हायडा, सिमशियन आणि असे बरेच लोक गावाबाहेर तळ ठोकून राहायचे. हेल्मकेनने लस टोचायला घेतली, एप्रिल संपायच्या आत पाचशेच्या आसपास लोकांना टोचली. पाचशे! तेव्हाची लस म्हणजे काय, फ्रिज नाही, सिरिंज नाही, गाईच्या देवीचा तो थोडासा द्रव, दंडावर ओरखडा काढून त्यात भरायचा आणि नीट उठली का ते आठ दिवसांनी बघायचं. माझ्या आजीच्या दंडावर देवीचे दोन वण होते, रुपयाएवढे, लहानपणी मी त्यांच्यावरून बोट फिरवत झोपायचे. त्यामुळे पाचशे दंड म्हणजे किती तास ते मला माझ्या खांद्यात जाणवतं. सोंगीस लोकांनी लस घेतली आणि स्वतःहून होड्या काढून डिस्कव्हरी बेटावर जाऊन वेगळे राहिले, त्यांच्यातले बहुतेक वाचले.

इथपर्यंत मी नेहमी सांगायचे. इथेच थांबायचे.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या मैत्रिणीची आई आली होती, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या काकू, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, ते उत्तरेकडचे होते ना गावाबाहेर, त्यांचं काय झालं ते सांग की."

त्यांचं काय झालं ते मला पाठ होतं, म्हणूनच मी ते सांगत नव्हते. तळांवर देवी पसरल्या तसा गावात आरडाओरडा सुरू झाला की यांना हाकला, 'कॉलनिस्ट' पेपर तर रोजच तेच लिहीत होता. मग पोलिसप्रमुख पेम्बर्टनने तळ उठवायचा हुकूम काढला, झोपड्या जाळल्या, आणि पुढच्या दोन महिन्यांत गनबोटींच्या पहाऱ्यात होड्यांचे तांडे उत्तरेला लावले. 'फॉरवर्ड' नावाच्या बोटीने तर होड्या मागे बांधून ओढत नेल्या. आजारी माणसं, अंगात देवी मुरलेली माणसं, शेकडो मैलांचा किनारा, वाटेतल्या प्रत्येक गावात थांबत. फोर्ट रुपर्टसुद्धा त्याच वाटेवर, याच डॉक्टरचं पहिलं ठाणं. रोग्याला हलवू नये, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरींनाही कळेल. इतिहासकार वीस हजारांच्या आसपास मृत्यू सांगतात, कितीतरी गावं नुसती रिकामी झाली.

"मग तेव्हा हा तुझा डॉक्टर कुठे होता?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, इथेच. याच घरात. घरापासून सासऱ्यांचं घर हाकेच्या अंतरावर, आणि पोलिसप्रमुख सासऱ्यांच्या हाताखालचा. असेंब्लीत खुर्ची याचीच. काकू काही बोलल्या नाहीत, पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसत राहिल्या.

हुकूम त्याचा नव्हता. हे मी आजही म्हणणार. उत्तरेकडच्यांना हाकलणारा तो नव्हता आणि टोचणाऱ्यांमध्ये तो सगळ्यात पुढे होता, हे त्याच्या खात्यावर मांडलंच पाहिजे. पण मी हे एवढ्या जोरात का म्हणते, तेही आज लिहिते.

२०२१ चा वसंत. मी एका छोट्या गावात कोविडच्या लसीकरणाला होते, गावाचं नाव घेत नाही. फायझरची वायल, म्हणजे लसीची छोटी बाटली, एकदा पातळ केली की सहा तासांत संपवायची. संध्याकाळी शेवटच्या वायलमध्ये दोन डोस उरले आणि वीसेक मिनिटं. दाराशी एक मुलगा, मासळीच्या कारखान्यात काँट्रॅक्टवर आलेला, बाहेरच्या देशातला, एका खोलीत सहाजण राहायचे ते. त्याच्या वयाची पाळी अजून आली नव्हती, यादीत नाव नाही. मी वरच्या बाईंना दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. यादीबाहेर द्यायची नाही असा नियम, आणि नियम मला पटलेला होता, नाहीतर वशिल्याची माणसं पुढे घुसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मी त्याला म्हटलं, तुझी पाळी आली की ये. त्याने आधीच एक बाही वर केली होती. ती त्याने खाली घेतली, बटण लावलं, थँक यू म्हणाला. सहा वाजून दहा मिनिटांनी ती वायल मी पिवळ्या डब्यात टाकली, दोन डोससकट.

पंधरवड्यात त्या कारखान्यात साथ आली. तो मुलगा मला परत दिसला नाही.

तर त्यानंतर मी पाहुण्यांसमोर हेल्मकेनची बाजू आणखी हिरिरीने मांडायला लागले, पाचशे, पाचशे, एकटा माणूस आणखी किती करणार. आता मागे वळून बघितलं की वाटतं मी त्याची वकिली करतच नव्हते. त्याला सोडवलं की मी सुटत होते. पण लगेच दुसरं मन म्हणतं, वीस हजार कुठे आणि दोन डोस कुठे, बाई, स्वतःला एवढी मोठी करू नकोस. दोन्ही मला पटतं, दिवसावर अवलंबून आहे.

पुढचं पटकन सांगते. १८६५ मध्ये सिसिलिया गेली, त्याने परत लग्न केलं नाही. आमच्या ब्रिटिश वसाहतीने कॅनडात सामील व्हायला त्याचा सुरुवातीला विरोध होता, तरी १८७० मध्ये वसाहतीचे दुसरे दोन प्रतिनिधी, ट्रच आणि कॅरल, यांच्याबरोबर तोच ओटावाला, कॅनडाच्या राजधानीत, बोलणी करायला गेला, पंतप्रधान मॅकडोनाल्ड आजारी म्हणून त्यांचे मंत्री कार्टिए यांच्याशी बोलणी झाली, आणि दहा वर्षांत रेल्वे पुरी करायचं वचन घेऊन तिघे परत आले. इथले लोक रेल्वेचंच कौतुक करतात. मी त्या सामीलनाम्यातलं तेरावं कलम दाखवते. मूळ रहिवाशांबाबत आतापर्यंत होतं तसंच 'उदार' धोरण चालू ठेवायचं, असं त्यात लिहिलंय, आणि ते उदार धोरण म्हणजे ट्रचने त्यांच्या जमिनी कापून कापून लहान करणं. त्या कलमामागे हात ट्रचचा मानतात. पण टेबलाला खुर्च्या तीन होत्या. १८७१ मध्ये प्रांत कॅनडात गेला आणि हेल्मकेनने राजकारण सोडलं, 'सिनेटर हो' असं त्याला म्हणाले तर नको म्हणाला, परत पेशंट बघायला लागला. १९२० मध्ये गेला, ९६ वर्षांचा होऊन. त्याने राजकारण का सोडलं याचं माझं उत्तर मी फोर्ट रुपर्टपासून जोडत आणायचे, की एका माणसाने दोन टोप्या घालू नयेत, दोन पदं सांभाळू नयेत, हे त्याला पुन्हा कळलं म्हणून. ते मला हवं असलेलं उत्तर आहे, एवढंच आता म्हणते.

सध्या मी पाहुण्यांना आधी त्या घरात नेत नाही. अंगणाला लागूनच टोटेमचे खांब आहेत आणि मुंगो मार्टिनने १९५३ मध्ये बांधलेलं मोठं लाकडी घर आहे, दर्शनी भिंतीवर आख्खं चित्र रंगवलेलं. मुंगो मार्टिन म्हणजे मूळ रहिवाशांमधला लाकूड कोरणारा कलाकार, फोर्ट रुपर्टचा. ज्या किनाऱ्यावरून त्या होड्या गेल्या तिथला, आणि ज्या पॉटलॅचवर, म्हणजे भेटी वाटण्याच्या त्यांच्या पारंपरिक समारंभावर, सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत बंदी घातली होती तो त्याने या घराच्या वास्तूला उघडपणे केला. आधी तिथे उभं राहून १८६२ सांगते, होड्यांसकट. मग पंचवीस पावलं चालून डॉक्टरच्या दारात जातो, खिडकीतून त्याच्या औषधांच्या बाटल्या दिसतात का बघतो, आणि तिथे मी पाचशेचा आकडा सांगते. तो अजूनही सांगते. गेल्या महिन्यात काकू परत आल्या होत्या, त्यांनी दोन्ही घरांच्या मधल्या गवतावर उभं राहून सगळं पुन्हा ऐकलं आणि मला विचारलं, "त्या पोराचा पत्ता लागला का गं?"

नाही लागला.