पूर्णा जंक्शनवरची फुटबॉलची गोष्ट

नांदेडचा सचखंड गुरुद्वारा, औंढ्याचा नागनाथ आणि परळीचा वैजनाथ, सगळे मनासारखे पाहून झाले; तरी लिहावेसे वाटते ते पूर्णा जंक्शनवरच्या दुपारीविषयी. परभणीकडच्या गाडीला अवकाश होता, बाक तापले होते आणि शेजारी बसलेल्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका चाचांनी ओळखपाळख नसताना डबा उघडून ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली. असे अगत्य मला मराठवाड्याबाहेर क्वचितच लाभले आहे. रुळांपलीकडे पोरे फुटबॉल खेळत होती. त्यांच्याकडे पाहत चाचा म्हणाले, “पी. के. बॅनर्जी ऐकलाय का? आमच्या खात्याचा माणूस होता तो.”

नामवंत फुटबॉलपटू म्हणून ऐकले होते, पण खात्याचा माणूस म्हणून त्यांच्याकडे मी कधी पाहिले नव्हते. खेळाडू म्हणून मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या बड्या क्लबांत न जाता हा माणूस ईस्टर्न रेल्वेकडूनच खेळत राहिला आणि १९५८ साली त्याच संघाने कलकत्ता लीग जिंकली, हे सांगताना चाचांचा आवाज चढला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये पी. के. कर्णधार होते आणि फ्रान्सशी झालेल्या १-१ अशा बरोबरीतला भारताचा गोल त्यांचाच होता. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल त्यांनी केला, दुसरा जर्नैल सिंग यांनी, आणि सुवर्णपदक भारताकडे आले.

त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे रहीमसाहेब चाचांना घरचेच वाटतात. त्याच हैदराबादच्या फुटबॉलचा वारसा आपल्याकडे जवळजवळ पुसला गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढे प्रशिक्षक झाल्यावर मात्र पी. के. यांनी त्या दोन्ही बड्या क्लबांना घडवले. १९७५ च्या आयएफए शील्ड या कलकत्त्यातल्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे हरवले आणि दोनच वर्षांनी पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस या अमेरिकी क्लबाशी २-२ अशी बरोबरी साधणाऱ्या मोहन बागानचे प्रशिक्षकही तेच होते. सामन्याआधी खेळाडूंना पेटवणाऱ्या त्यांच्या बोलण्याला बंगालात ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गाडीत बसल्यावरही आमचे बोलणे थांबले नाही. चाचांच्या मते रहीमसाहेबांची सर कोणालाच नाही, कारण आजाराने पोखरलेल्या शरीराने त्यांनी जकार्ता जिंकून दिले. माझे म्हणणे असे की, ज्या दोन क्लबांचे समर्थक एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसत, त्या दोन्हीकडे आपले मानले जाणे हेही तितकेच अवघड काम आहे. परभणी आली तरी चाचांना ते पटले नव्हते.