आमची वाटचाल: भाकरीचा चुरा आणि बुधवारचा हप्ता

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. पण ज्वारी विकून आमचं भागत नव्हतं, भाकरी विकून भागायला लागलं.

२०१२ साली गल्लीतल्या आम्ही अकराजणींनी बचत गट काढला. महिन्याला प्रत्येकी १०० रुपये. मी पहिलं कर्ज उचललं २,००० रुपयांचं, महिना शेकडा दोन रुपये व्याजानं. "वर्षाचे चोवीस टक्के झाले की," आमचे मालक म्हणाले. हिशेब बरोबर होता. पण सावकार शेकडा पाच घ्यायचा, आणि आमचं व्याज गटाच्याच पेटीत पडायचं. त्या पैशांत तवा, ज्वारी आणि शेंगदाणे आले. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, एवढाच आमचा माल.

वह्या नीट ठेवल्या, बैठका चुकवल्या नाहीत, तेव्हा बँकेनं गटाला ५०,००० दिले. लगेच पुण्याची ऑर्डर घेतली आणि भाकरी पिशव्यांत भरून एसटीनं पाठवल्या. तिकडे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा चुरा. माल परत आला, महिनाभर घरोघरी आमटीत कालवून तेच खाल्लं. खाता खाताच सुचलं, की लोक कडक भाकरी नाहीतरी चुरूनच खातात! आता चुऱ्याचं वेगळं पाकीट आहे, आणि खरं सांगते, नफा त्यातच जास्त सुटतो.

माझी एक चूक मात्र महागात पडली. दिराच्या लग्नाला मी एका मायक्रोफायनान्सवाल्यांचे ३०,००० घेतले. तारण नाही, कागद थोडे, पैसे झटपट. लग्न एका दिवसात उरकलं, बुधवारचा हप्ता दोन वर्षं येत राहिला. दुकानदार आमची उधारी महिन्यानं देणार, मग दर आठवड्याला पैसे आणायचे कुठून? दोनदा माझा हप्ता जामीन राहिलेल्या बायकांनी भरला. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून आमच्या गटात कर्ज कशाला हवंय ते बैठकीत सगळ्यांसमोर सांगावं लागतं, आणि धंद्याच्या कर्जाचा हप्ता उधारी वसूल झाल्यावरच ठेवतो.

अकरापैकी चौघी सोडून गेल्या, एकीचं कर्ज बुडालं. उरलेल्या सातजणी रोज पहाटे भाकरी थापतो. गेल्या वर्षी स्वतःच्या गिरणीसाठी माझ्या नावावर कर्ज मागितलं. साहेबांनी जागेचा उतारा मागितला. उतारा सासऱ्यांच्या नावावर. अर्ज अजून बँकेतच आहे, आणि ज्वारी शेजारच्या गिरणीत.