पत्रिकेपासून पाकिटापर्यंत: आमची वाटचाल

सांगलीत हरभट रोडला एका जुन्या वाड्याच्या पुढच्या गाळ्यात आम्ही २००९ साली डीटीपी आणि लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं. आम्ही म्हणजे मी आणि माझे धाकटे दीर. मी कोल्हापुरात अप्लाइड आर्ट केलेलं, भाऊजी एका ऑफसेट प्रेसमध्ये मशीनवर होते. डिझाइन माझं, छपाई आणि हिशेब त्यांचा. ही वाटणी आजही तशीच आहे आणि भांडणंही त्याच सीमेवर होतात.

त्या धंद्यात डिझाइनला फारसा वाव नव्हता. पार्टी यायची, अल्बम उघडायची, ‘हा गणपती, ही वेल, मजकूर तेवढा बदला’ म्हणायची. लग्नसराई संपली की दिवाळी कार्डं, निवडणूक लागली की पत्रकं आणि फ्लेक्स. पैसे सुटत होते, म्हणून तक्रार नव्हती. मग पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या. छापायच्या त्या देवापुढे ठेवायला आणि घरच्या वडीलधाऱ्यांना द्यायला. त्यात ऑगस्ट २०१९चा महापूर आला. हरभट रोड पाण्यात गेला, तसा आमचा गाळाही. अल्बम, कागदाचा स्टॉक, कटिंग मशीन, सगळं चिखलात. पाणी ओसरल्यावर भाऊजींनी एकच वाक्य टाकलं, ‘वहिनी, आता तळमजला नको आणि पत्रिकाही नकोत.’ आम्ही विश्रामबागला पहिल्या मजल्यावर जागा घेतली.

तोवर तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातले लोक आपापला माल स्वतः पॅक करून विकू लागले होते. बेदाणा, हळद, गूळ, पापड, लोणची. २०२०च्या लॉकडाऊननंतर तर गल्लोगल्ली ब्रँड निघाले. त्यांना नाव हवं होतं, लेबल हवं होतं, पाकीट हवं होतं. हे काम आम्हाला हवंच होतं. अडचण एवढीच की त्याला अल्बम नव्हता. पार्टी समोर बसून म्हणायची, ‘काहीतरी वेगळं करा मॅडम,’ आणि दुसऱ्याच वाक्याला फोनवर एखाद्या मोठ्या ब्रँडचं पाकीट दाखवायची, ‘साधारण असं.’

तिथे माइंड मॅप कामाला आला. माइंड मॅप म्हणजे कागदाच्या मधोमध विषय मांडायचा आणि त्यातून झाडाच्या फांद्यांसारखे सुचतील ते शब्द काढत जायचं. कॉलेजात आम्ही तो परीक्षेच्या नोट्स काढायला वापरायचो. टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने १९७४ साली बीबीसीवरच्या आपल्या कार्यक्रमातून ही पद्धत लोकांपर्यंत नेली आणि पुढे जन्मभर तिचा प्रसार केला. फांद्या फोडून विचार मांडायची कल्पना त्याच्या कितीतरी आधीची. तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाचा ‘वृक्ष’ तर्कशास्त्राच्या पुस्तकांत अजून भेटतो. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागाविषयी बुझानसाहेबांनी जे मोठमोठे दावे केले, त्यावर माझा फार विश्वास नाही. पण त्यांचे दोन-तीन साधे नियम मात्र आमच्या टेबलावर रोज खरे ठरतात. कागद आडवा घ्यायचा, मधोमध चित्र काढायचं आणि एका फांदीवर एकच शब्द लिहायचा.

हा एका शब्दाचा नियम आमच्याकडे कामाला येणाऱ्या नव्या मुलांना छळवाद वाटतो. पण ‘शुद्ध आणि नैसर्गिक चव’ असं लांबलचक लिहिलं की फांदी तिथेच वाळते. नुसतं ‘शुद्ध’ लिहा, लगेच कुणीतरी विचारतं, कशावरून? मग ‘भेसळ’ येते, ‘चाचणी’ येते, ‘दळण’ येतं, ‘माझ्यासमोर दळा’ म्हणणारी गिरणीतली बाई येते. लेबलाला लागतं ते या बाईसारखं काहीतरी. ‘शुद्ध’ तर सगळ्यांच्याच पाकिटावर असतं.

कागद आम्ही पाठकोरे वापरतो. प्रेसमधल्या बाद प्रुफांची कोरी बाजू. नवीन कोऱ्या ड्रॉइंग शीटवर माणूस जपून लिहितो, पाठकोऱ्यावर हात सुटतो. फ्रीमाइंडसारखी फुकट सॉफ्टवेअरं आम्ही वापरून पाहिली. पुण्या-मुंबईच्या पार्टीला पाठवायला ती बरी पडतात. पण सुरुवात स्क्रीनवर केली की फांद्या आपोआप नेटक्या, रंगीत, सारख्या अंतरावर येतात आणि अर्धवट विचारही पुरा झाल्यासारखा दिसायला लागतो. म्हणून आधी पेन्सिल.

दुसरा नियम आमचा स्वतःचा: पहिला अर्धा तास कुणी कुणाशी बोलायचं नाही. ज्याने त्याने आपला कागद भरायचा, मग सगळे कागद मोठ्या टेबलावर टाकायचे. एकत्र बसून गलका केला की जास्त कल्पना सुचतात, असा समज आहे. येल विद्यापीठात १९५८ साली तो तपासून पाहिला होता. चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा, चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या आणि नंतर एकत्र केलेल्या कल्पना भरपूर जास्त निघाल्या. आमच्याकडे कारण उघड दिसतं. मी बोलले की हाताखालच्या मुली गप्प होतात आणि भाऊजींनी ‘याला खर्च किती’ म्हटलं की मीसुद्धा.

पद्धत कशी चालते हे एका कामावरून सांगते. सांगलीजवळच्या एका शेतकरी गटाला हळद पावडरीचं पाकीट करायचं होतं. गटाचे अध्यक्ष आले होते, त्यांना आम्ही दादा म्हणतो, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आई, म्हणजे आजी. दादांच्या डोक्यात चित्र तयार होतं: पिवळं पाकीट, लाल अक्षरं, मधोमध पावडर दिसायला खिडकी. मी त्यांच्याही पुढे पाठकोरा ठेवला. पार्टीच्या हातात पेन्सिल द्यायची, ही आमची पद्धत. आजींनी लिहायला नकार दिला, पण बोलायला नाही, त्यामुळे त्यांचे शब्द आमची ज्युनिअर लिहीत गेली.

पहिल्या वळशाला जे यायचं तेच आलं. पिवळा, लग्न, देव, दूध, जखम, फोडणी. पहिल्या वळशातला कुठलाही शब्द पाकिटाच्या दर्शनी बाजूची मुख्य कल्पना होऊ द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलेलं आहे, कारण तो शब्द दुकानातल्या इतर सगळ्या पाकिटांनी आधीच घेतलेला असतो. पुढच्या वळशांत कागद जरा हलला. ‘देव’पासून जेजुरी, भंडारा, उधळण. ‘लग्न’पासून उष्टी हळद, वरमाई, डाग. दादांनी ‘माल’ अशी फांदी काढली होती, तिला शिजवण, वाळवण, पॉलिश, साठवण फुटलं. ‘साठवण’वर आजी म्हणाल्या, ‘आमच्या सासऱ्यांची हळद हरिपूरला पेवात असायची.’

पेव बघितलेलं माणूस आता शोधावं लागतं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरला जमिनीत खोल खड्डे असायचे. तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळकुंडं भरून वरून मातीने बंद करायचं. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, रंगही चांगला राहायचा. तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यायची. २००५च्या पुरात पेवांचं मोठं नुकसान झालं, तोवर गोदामं आणि कोल्ड स्टोअरेजही आली होती. ज्युनिअरच्या कागदावर ‘पेव’पासून तीन फांद्या निघाल्या: माती, गोल, अंधार.

अंधार या शब्दावर टेबल थांबलं. कारण दुसऱ्या बाजूला माझ्या कागदावर ‘खिडकी’पासून ‘ऊन’ आणि ऊनपासून ‘उडतो’ असं लिहिलेलं होतं. हळदीचा रंग उजेडाने उडतो. फळीवर उन्हात राहिलेलं पारदर्शक पाकीट महिन्याभरात फिकट दिसायला लागतं. असे लांबचे शब्द आम्ही लाल पेन्सिलीने जोडतो, आणि माझ्या मते मॅपची खरी कमाई त्या लाल रेघांत असते. फांद्या कुणीही फोडेल. ‘खिडकी नको’ हे मी दादांना तोंडी सांगितलं असतं तर अर्धा तास वाद झाला असता. कागदावर रेघ ओढल्यावर ते स्वतःच म्हणाले, ‘मग बंदच करू की.’

अंधार म्हणजे काळं पाकीट, असं ठरायला लागलं तशा आजी मात्र अडल्या. ‘हळदीला काळं पाकीट? शुभाची वस्तू आहे ती.’ बरोबर होतं त्यांचं. ‘शुभ’ ही फांदी कागदावर होतीच, आम्ही तिच्याकडे बघत नव्हतो. भाऊजींच्या कागदावर, जो नेहमीप्रमाणे नुसता खर्चाचा होता, ‘सिलिंडर’ला फुली मारलेली होती. छापील पाउच करायचा तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, लागतो आणि मालही मोठ्या संख्येने काढावा लागतो. गटाची ती ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी खाली लिहिलं होतं ‘तयार पाउच’ आणि त्याखाली ‘क्राफ्ट’. क्राफ्ट कागदाचा पाउच म्हणजे बाहेरून मातकट तपकिरी, आतून चंदेरी थर, उजेड बंद. मातीचा रंग छापायचीच गरज उरली नाही, तो पाउचचाच होता. काळंही टळलं. लाल रेघ भाऊजींच्या कागदापर्यंत गेली म्हणून त्या दिवशी ते फार खूश होते.

उरलं लेबल. ‘हळद’ या शब्दाला ना वेलांटी, ना मात्रा, ना उकार. शिरोरेघेच्या वर काहीच नाही. ज्युनिअरने ती रेघच लेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली आणि तिला जमीन केली. रेघेच्या खाली अक्षरं, आणि ‘द’च्या बाजूला जमिनीत उतरलेलं अरुंद तोंडाचं, मोठ्या पोटाचं पिवळं पेव. अक्षरं आम्ही हातानेच काढली, कॉम्प्युटरमधला कुठलाच फॉन्ट एवढी लांब रेघ सुखाने पेलेना. काही गिऱ्हाइकांना ते पेव माठ वाटतं. आम्ही ते सोडून दिलंय. माठही वाईट नाही.

एक फांदी मात्र सुरुवातीलाच जाड शाईने काढलेली असते, तिच्यावर चर्चा नाही. शाकाहारी खूण, अन्न सुरक्षेचा चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तारखा, पत्ता, ग्राहक तक्रारीचा नंबर. हे सगळं बसल्यावर उरते ती जागा आपली. याच फांदीला दादांनी ‘जीआय’, म्हणजे भौगोलिक मानांकन, जोडलं होतं. सांगलीच्या हळदीला मानांकन आहे खरं, पण गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नव्हती, म्हणून त्या शब्दापुढे आम्ही ‘आधी अर्ज’ लिहिलं आणि खूण लेबलावर घेतली नाही. तसंच ‘पेव’पाशी मी लाल अक्षरांत लिहिलं, ‘आज नाही’. त्यांची हळद आता गोदामातच असते. तेव्हा ‘पेवातली हळद’ असं कुठेही छापलेलं नाही. मागच्या बाजूला चार ओळींत पेव काय असायचं ते सांगितलंय, आणि पाचव्या ओळीत आमचा माल गोदामात ठेवतो हेही. दादांना ही पाचवी ओळ खुपत होती. मी हट्टाने ठेवली.

शेवटी प्रत्येक शब्दावर खूण पडते. पु म्हणजे पुढे, मा म्हणजे मागे, न म्हणजे आत्ता नको. ‘न’वाले शब्द खोडायचे नाहीत. भंडाऱ्याची उधळण त्या पाकिटावर आली नाही, पण त्याच गटाने पुढे प्रदर्शनात स्टॉल घेतला तेव्हा मागच्या पडद्यावर तीच वापरली. नव्याने विचार करायला बसावं लागलं नाही.

सगळ्या कामांना हे लागत नाही. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, डॉक्टरांचं लेटरहेड, दुकानाचं बिलबुक, इथे मॅप काढत बसणं म्हणजे वेळ काढणं. कधीकधी पार्टीला खरोखरच पिवळ्यावर लाल हवं असतं, तेही करून देतो. आणि मॅपमधून डिझाइन बाहेर पडत नाही, हे मी मुलींना बजावत असते. कागद भरला म्हणून काम झालं असं समजणारी मुलगी पुढचे दोन दिवस माझ्या नजरेसमोर नुसती अक्षरं काढत बसते.

धंद्याच्या बाजूने बदल झाला तो असा. पूर्वी आम्ही तीन-तीन ऑप्शन फुकट दाखवायचो आणि पार्टी एकातलं डोकं, दुसऱ्यातलं धड मागायची. आता पहिल्या बैठकीचे वेगळे पैसे घेतो आणि डिझाइन एकच दाखवतो, सोबत मॅपचा कागद. ‘मला नाही आवडलं’ऐवजी ‘या फांदीला तुम्ही कमी जागा दिलीत’ असं ऐकू येतं, आणि त्याला उत्तर देता येतं. करेक्शन बंद झालेली नाहीत. ‘नाव जरा मोठं करा’ हे कुठल्याही कागदाने थांबणार नाही. हल्ली लोक एआयने काढलेली चित्रंही घेऊन येतात, त्यातली देवनागरी बऱ्याचदा मोडकी असते. ती चित्रं आम्ही परत पाठवत नाही. त्यात त्यांना नेमकं काय आवडलं ते विचारतो आणि तो शब्द फांदीवर टाकतो.

मॅपचा मूळ कागद आम्ही पार्टीला देऊन टाकतो, छपाई त्यांनी दुसरीकडे केली तरी. बैठकीचे पैसे त्यांनी दिलेले असतात, शब्दही निम्मे त्यांचेच असतात. भाऊजींना हे पटत नाही. त्यांच्या मते हा कागद घेऊन माणूस सरळ दुसऱ्या प्रेसमध्ये जातो, आणि तसे दोघे-तिघे गेलेही आहेत. सध्या तोड अशी निघाली आहे की मूळ कागद पार्टीला आणि झेरॉक्स आमच्या फायलीत, आणि झेरॉक्सचा खर्च माझ्या खात्यावर.