दहा मिली रक्त, सहा महिने वाट

ऑटिझमच्या संशोधनात मूलपेशी (ज्यांतून शरीरातल्या इतर पेशी घडतात) म्हटलं की बडोद्यात, दांडियाबाजार असो की रावपुरा, पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग मुलाला फरक पडेल ना?" नाही. या पेशी मुलाला टोचायच्या नसतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी मूलपेशी देणं मान्य क्लिनिकल ट्रायलबाहेर चालत नाही. कुणी पैसे घेऊन देत असेल तर तिथून उठावं. या संशोधनात मुलाच्या रक्तातल्या पेशींच्या मूलपेशी करतात, त्यांतून चेतापेशी (मेंदूच्या पेशी) बशीत वाढवतात आणि बिघाड कुठे होतो ते पाहतात.

रक्त 8-10 मिली, हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत, खोलीच्या तापमानाला, 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत. बर्फात नको, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. फायकॉल या रक्तपेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर 400 जी (गुरुत्वाच्या 400 पट जोर), 30 मिनिटं, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. चालू राहिला तर पांढऱ्या पेशींचा थर विस्कटतो. मग सेंडाई विषाणूतून यामानाकांचे चार घटक, म्हणजे साध्या पेशीला मूलपेशी करणारी चार जनुकं, या पेशींत सोडायची. वसाहती दिसायला तीन-चार आठवडे, विषाणू धुऊन निघायला साधारण दहा पॅसेज (पेशी नव्या बशीत हलवण्याच्या फेऱ्या). गुणसूत्रं तपासायचीच, पण 20q11.21 (20व्या गुणसूत्राचा एक भाग) वरची छोटी वाढ साध्या कॅरिओटाइपला (सूक्ष्मदर्शकाखालची गुणसूत्र तपासणी) बहुधा दिसत नाही. ती असलेल्या पेशी मरायला तयार नसतात, त्यामुळे हळूहळू बशी त्यांचीच होते. त्यासाठी वेगळी क्यूपीसीआर (डीएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) लावा.

या मूलपेशींच्या चेतापेशी करण्यासाठी एनजीएन2 या जनुकाचा मार्ग झटपट, दोन-तीन आठवड्यांचा. पण तो विकासाच्या पायऱ्याच गाळतो, आणि ऑटिझममध्ये गोम बहुधा त्याच पायऱ्यांत असते. म्हणून संथ मार्ग बरा, पेशींना मेंदूकडे वळवणाऱ्या दोन रसायनांचा: एसबी431542 (10 मायक्रोमोलर) आणि एलडीएन193189 (100 नॅनोमोलर), 10-12 दिवस, पेशी गच्च भरलेल्या. विरळ पडल्या की मेंदूऐवजी न्यूरल क्रेस्ट (मेंदूबाहेरच्या चेता वगैरे घडवणाऱ्या पेशी) हाती येतो. सिनॅप्स (चेतापेशींमधले जोड) मोजण्याजोगे व्हायला पुढे आणखी दोन-तीन महिने.

खरी गफलत मात्र आकड्यांत होते. एका मुलाच्या तीन क्लोन (वेगवेगळ्या वसाहतींतून वाढवलेल्या पेशी) म्हणजे तीन मुलं नव्हेत, एन (नमुन्यांची संख्या) एकच. सख्ख्या भावाचं रक्त कंट्रोल (तुलनेचा नमुना) म्हणून सोयीचं, पण त्याचेही निम्मे जनुकीय फरक वेगळेच. त्यामुळे सुरुवात शँक3सारख्या ठाऊक जनुकापासून करावी आणि त्यातला बिघाड क्रिस्परने (जनुक कापून बदलण्याचं तंत्र) दुरुस्त करून त्याच मुलाच्या पेशींशी तुलना करावी. 22q13 (22व्या गुणसूत्राचा शँक3 असलेला भाग) तुटलेल्या मुलांच्या चेतापेशींत उत्तेजक संदेश क्षीण असतात आणि आयजीएफ1 या वाढीच्या प्रथिनाने ते सुधारतात, हे 2013 मध्ये अशाच पेशींत दिसलं. रुग्ण आणि कंट्रोल एकाच दिवशी, मॅट्रिजेलच्या (पेशी चिकटण्यासाठी बशीला दिलेला थर) एकाच लॉटवर लावा. प्लेटवर नाव नको, फक्त क्रमांक. आणि क्रमांकांची यादी मोजणाऱ्याकडे नको.