गाशा गुंडाळताना
आज क्लासमध्ये पोरांना ग्रुपवर्क दिलं, सर्बियापासून वेगळं झालेल्या कोसोवोत पोलीस-कोर्टांची घडी बसवायला युरोपियन युनियनने पाठवलेलं युलेक्स मिशन गुंडाळायचंय, प्लॅन करा. पहिल्या ग्रुपच्या चार्टवर सगळ्यात वर काय, तर गाड्यांचा लिलाव आणि सेंड ऑफ! हसू आवरेना. पण खरी गोम फायलींत. २००८ ला सुरू झालेलं हे मिशन नुसते सल्ले देत नव्हतं, त्यांचे जज निकाल द्यायचे, प्रॉसिक्युटर केसेस चालवायचे, म्हणजे २०१८ च्या जूनमध्ये ते अधिकार संपले तेव्हा युद्धगुन्ह्यांच्या अर्धवट फायलीसुद्धा स्थानिक यंत्रणेच्या हाती द्यायच्या, त्यात अल्बेनियन, सर्बियन, इंग्रजी असा भाषांचा घोळ. पूर्ण गेले नाहीत बरं का, केसेसवर लक्ष ठेवायला राहिलेच, आपले पाहुणे कसे निघतो निघतो म्हणत दारात तासभर बोलतात तसं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, मॅडम, ज्यांनी यांच्या भरवशावर साक्ष दिली त्यांचं काय? चार्टवर कुणीच ते लिहिलं नव्हतं, खरं सांगायचं तर माझ्या नोट्समध्येही नव्हतं. बेल झाली, पोरं कँटीनला पळाली. जाताना तिने लाल मार्करने लिहिलं, साक्षीदार, गाड्यांच्या लिलावाच्याही वर.